ओल्या मडक्याला जाळ

फार पूर्वीच्या एका चैत्रातली गोष्ट. त्या दिवशी ऊन पडलंच नव्हतं. पहाटेपासून मळभ दाटून आलं होतं आणि आभाळ इतकं खाली उतरलं होतं, की तळ्याचं पाणी कुठे संपतं आणि ढग कुठे सुरू होतात ते काठावर उभं राहूनही कळत नव्हतं. वारा नव्हता. बगळे एका पायावर उभे होते. ते पाण्यात उभे होते की ढगात, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

त्या तळ्याकाठी साठ उंबऱ्यांचं एक गाव होतं आणि गावात एक कुंभार राहत होता. हाताचा गुणी, बोलायला थोडका. त्या गावाची एक रीत होती. अक्षय्य तृतीयेला गेलेल्या माणसांना तहान लागते, असं गाव मानायचं. म्हणून त्या सकाळी प्रत्येक घर नवी घागर तळ्यावर नेऊन भरायचं, आपल्या गेलेल्यांची नावं घ्यायचं आणि मग ती घागर दारात ठेवायचं. जो तहानेला येईल त्याने प्यावं. घागरी कुंभाराने द्यायच्या. सात पिढ्या या कुंभाराच्या घराने त्या दिल्या होत्या आणि एकाही वर्षी एकाही घराला घागर कमी पडली नव्हती.

सणाला बारा दिवस उरले होते. वीस घागरी भाजून तयार होत्या. चाळीस व्हायच्या होत्या, आणि हे मळभ. बाजारासाठी घडवलेली कच्ची मडकीच वाळेनात, तर घागरी कधी वाळणार? कुंभार एकदा आभाळाकडे बघायचा, एकदा मडक्यांकडे. दुपारी दोन थेंब पडले तसा तो मडकी आत न्यायला धावला. अंगणातली माती चिकट झाली होती. पाय सटकला. एका हातातलं मडकं वाचवायला गेला आणि सगळा भार दुसऱ्या हातावर आला, उजव्या मनगटावर.

मडकं वाचलं. मनगट मात्र बघता बघता टम्म फुगलं. लाल झालं, आणि आतून असं ठणकू लागलं, जसं कोणी आत बसून थापी मारतंय.

"अहो, गार पाण्यात तरी धरा," बायको म्हणाली.

"पाण्यात काय धरायचंय? आव्याकडे जातो."

आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. आता या घराची सवय अशी, की कोणाचं काहीही दुखलं तरी त्याने आव्याच्या भिंतीला टेकायचं. कुंभाराचा बाप थंडीत कमरेने वाकून जायचा, तो रोज संध्याकाळी आव्याला पाठ लावून बसायचा आणि सकाळी सरळ चालायचा. आजीचे गुडघे तिथेच मोकळे व्हायचे. आणि कुंभाराच्या मनात तर हे पक्कंच होतं, की जे कच्चं आहे त्याला जाळ दाखवला की ते पक्कं होतं. माती काय आणि मनगट काय.

तो निखाऱ्यांसमोर बसला. हात धरला. पहिल्यांदा बरं वाटलं. मग ठणका वाढला. त्याला वाटलं, ऊब कमी पडली असेल. त्याने हात आणखी पुढे केला.

दोन दिवस त्याने हात शेकला. दोन दिवसांनी त्याची बोटं राजेळी केळ्यांसारखी झाली.

मग गाव आलं. लोहार आला, हात उचलून बघितला आणि म्हणाला, "तू शेकतोस ते बरोबर आहे, पण नुसतं शेकून काय होतंय? गरम असतानाच ओढलं पाहिजे. वाकडं सरळ होतं."

"माझा हात आहे तो, विळा नाही."

"अरे, विळा असता तर एव्हाना करून दिला असता."

तेली आला तो बुधला घेऊनच आला. म्हणाला, "तेल घाल आणि रगड. आत जे आहे ते बाहेर येतं. तिळाचं बाहेर येतं, करडईचं येतं, मग तुझं का नाही येणार?"

परटाने सांगितलं, पिळून काढ. विणकराने सांगितलं, ताणून बांध. ज्याच्या घरी जे होतं ते त्याने दिलं. गोडीनेच दिलं. कुंभाराने थोडं थोडं सगळ्यांचं ऐकलं, कारण त्याला घाई होती, आणि घाईतल्या माणसाला नाही म्हणायलाही वेळ नसतो. हात आणखी सुजला.

सण आठ दिवसांवर आला. त्या दिवशी विहिरीपाशी एक जडीबुटीवाला उतरला होता. डोंगरापलीकडचा. त्याच्याकडे पळसाच्या पानात बांधलेलं एक काळं चाटण होतं.

"चिमूटभर जिभेवर ठेव," तो म्हणाला. "दुखणं कुठे गेलं ते कळायचं नाही."

"हात बरा होईल?"

"ते मी कुठे म्हणालो? दुखायचं नाही, एवढंच माझं बोलणं."

माणूस सरळ होता. पण कुंभाराने त्यातलं हवं तेवढंच ऐकलं. त्याने तीन चिमट्यांची पुडी घेतली, घरी आला आणि पहिली चिमूट जिभेवर ठेवली.

आणि काय सांगावं, दुखणं खरंच गेलं. कापूर उडून जावा तसं गेलं. सगळं अंग हलकं झालं. अंगणातली माती ढगासारखी मऊ दिसू लागली. तो चाकावर बसला, दांडक्याने चाक फिरवलं आणि मातीचा गोळा वर चढू लागला. एक घागर झाली. दुसरी झाली. बायको दारातून बघत होती.

"हळू," ती म्हणाली.

"दुखतच नाही तर हळू कशाला?"

दिवेलागणीपर्यंत त्याने सहा घागरी काढल्या. मग तो उठून त्यांच्याकडे बघू लागला, आणि बघता बघता पहिली घागर एका अंगाने बसली. कोणी दमून खाली बसावं तशी, आवाज न करता. मग तिसरी. मग दुसरी. सहाच्या सहा बसल्या. त्याने एकीची भिंत चाचपली. एकीकडे बोटभर जाड होती, दुसरीकडे पानासारखी पातळ.

त्याला उमगेना. चाळीस वर्षं त्याच्या अंगठ्याला भिंतीची जाडी आपोआप कळत आली होती. मग हळूहळू ध्यानात आलं. ज्या वाटेने दुखणं निघून गेलं होतं, त्याच वाटेने हाताची जाणही गेली होती. सहा घागरी त्याने केल्या होत्या, पण एकीलाही त्याने हात लावला नव्हता.

चाटणाचा असर उतरला तेव्हा ठणका परत आला आणि दुपटीने आला. अंगठा तळव्याला लागेना. त्या वेळी मात्र कुंभार पहिल्यांदा घाबरला. सणाच्या घागरी राहिल्या एका बाजूला. आता हातच राहतो की नाही, असं त्याच्या मनात आलं. ज्या कुंभाराचा उजवा हात मिटत नाही तो कुंभार कसला?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो निंबाखाली जाऊन बसला. तिथे पाण्याने भरलेला रांजण होता, जुना, पाझरणारा, शेवाळाने हिरवा झालेला. कुंभार त्याला टेकला. दुखरा हात कुठे ठेवावा सुचेना, म्हणून तो रांजणाच्या ओल्या पोटाला लावून ठेवला. निंबाचा मोहोर गळत होता. मळभ तसंच होतं. त्याचा डोळा लागला.

झोपेत त्याला दिसलं, की तो अगदी लहान झाला आहे, मुंगीएवढा, आणि आपल्याच हाताच्या वाटेवरून चालत निघाला आहे. हातात पेटतं लाकूड. कोपरापासून खाली चालता चालता मनगट आलं. तिथे एक गाव होतं, त्याच्या गावासारखंच, आणि गावाची वेस आतून लावलेली होती. वेशीभोवती पाणी भरलं होतं. उजेड लाल होता, संध्याकाळी आव्यातून येतो तसा.

त्याने फटीतून पाहिलं. आत माणसंच माणसं. पाट्या भरभरून माती वाहत होती, कोणी माती तुडवत होतं, कोणी लिंपत होतं. सगळी धापा टाकत होती पण कोणी थांबत नव्हतं.

"काय चाललंय इथे?" त्याने विचारलं.

वेशीशी एक म्हातारा बसला होता. तो म्हणाला, "बांध फुटलाय. लिंपतोय."

"मग हे पाणी?"

"आम्हीच अडवलंय. कोरड्या मातीने लिंपता येतं का?"

"आणि वेस का लावली?"

"कोणी आत येऊन घाई करू नये म्हणून. पण येतातच. एकाने ओढलं, एकाने रगडलं, एकाने पिळलं. दर वेळी नवं लिंपलेलं ढासळतं. काल तर आमच्या पहारेकऱ्यालाच कोणीतरी निजवलं आणि सगळं गाव कामाला जुंपलं."

कुंभार ओशाळला. तरी म्हणाला, "मी जाळ आणलाय. लवकर पक्कं होईल."

म्हातारा उठला. त्याने लिंपलेल्या बांधावर तळवा टेकवला, हळूच, कुंभार जसा टेकवतो तसा. मग तळवा कुंभारापुढे धरला. तळवा ओला होता.

"ओल्या मडक्याला जाळ दाखवतोस का रे तू?" म्हातारा म्हणाला.

कुंभाराला जाग आली.

ओलं मडकं आव्यात घातलं तर ते तडकतं, हे कुंभाराच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. आधी सावली, आधी वाट बघणं, आणि ओल सुकली की मग जाळ. सात पिढ्यांत कोणी ओलं मडकं आव्यात घातलं नव्हतं. आणि तो दोन दिवस आपलं ओलं मनगट घेऊन आव्यासमोर बसला होता. बापाची कंबर जुनी होती, वाळलेली होती, ताठलेली होती. तिला आव्याने बरं वाटलं. हे मनगट तर काल-परवा फुटलेलं.

त्याने हाताकडे पाहिलं. रांजणाला टेकून राहिल्यामुळे ठणका थोडा उतरला होता. फार नाही, पण उतरला होता.

तेवढ्यात शेजारची सुईण आली. बाळंतिणीच्या घरी लागणारं लहान मडकं तिला हवं होतं. सारं गाव तिला आक्का म्हणायचं. तोंडाने फटकळ, हाताने हलकी. आठ दिवस ती पलीकडच्या वाडीत एका अडलेल्या बाईपाशी होती, म्हणून तिला इकडचं काही माहीत नव्हतं.

तिने हात पाहिला. स्वतःच्या हाताची पालथी बाजू त्याच्या मनगटावर ठेवली, मग दुसऱ्या मनगटावर ठेवली.

"हा गार, हा चुलीसारखा," ती म्हणाली. "आणि तू याला शेकलंस?"

"शेकलं."

"आणि रगडलं."

"तेल्याने."

"तेल्याला बरा हात दिलास. उद्या घाण्याला बैल कमी पडला तर मानही देशील." मग ती त्याच्याजवळ बसली. "बोटं हलव. सगळ्या बोटांना स्पर्श कळतो का? ताप आला होता का? नाही ना. मग ऐक. हात गार पाण्याच्या फडक्यात ठेव, थोडा वेळ ठेव, मग काढ, मग पुन्हा ठेव. बसताना पालथ्या मडक्यावर ठेव, छातीपेक्षा उंच. आणि काम नाही. तीन दिवस बघायचं. ताप भरला, लाली दंडाकडे चढू लागली, बोटं बधिर झाली किंवा नुसता काही फरकच पडला नाही, तर नावेत बसायचं आणि पैलतीरच्या वैद्यांकडे जायचं. तिथे मग आक्का बिक्का काही नाही."

"आणि घागरी?"

सुईणीने त्याच्या मनगटाकडे बोट दाखवलं.

कुंभाराने कंबरेची पुडी काढली. "यात दोन चिमट्या आहेत, आक्का. या घेतल्या तर दुखत नाही. हळूहळू केल्या, डोळ्यांनी बघून केल्या, तर पंधरा-वीस निघतील. सात पिढ्या एक घर रिकामं राहिलं नाही."

"निघतील," सुईण म्हणाली. "आणि मग?"

समोर काल बसलेल्या सहा घागरी होत्या. चाकावर माशी फिरत होती.

"ते चाटण वाईट नाही," सुईण म्हणाली. "अडलेल्या बाईला मीही असलं देते, चार घटका निजावी म्हणून. दुखणाऱ्याला विसावा मिळावा म्हणून ते आहे. तू ते घेतलंस आणि हाताला कामाला जुंपलंस. आता तुझं तू ठरव. हात तुझा आहे."

ती मडकं घेऊन गेली.

कुंभार बराच वेळ बसला. तळ्यावर मासा उसळला, पाण्यात एक गोल उठला आणि पसरत पसरत काठाला येऊन विरला. मग तो उठला. पुडी फडताळावर ठेवली. बायकोने फडकं भिजवून मनगटाला लपेटलं. आणि तसाच, हात छातीशी धरून, तो गावात निघाला.

ते चालणं त्याला पडण्यापेक्षा जड गेलं. प्रत्येक उंबऱ्याशी थांबायचं आणि म्हणायचं, "यंदा वीसच घागरी आहेत. माझ्याच्याने व्हायच्या नाहीत." कोणी म्हणालं, असू दे. कोणी नुसतं बघितलं. एक म्हातारे आजोबा म्हणाले, "सात पिढ्या चुकलं नाही, ते तुझ्याच मनगटाशी येऊन अडलं का?" कुंभार मान खाली घालून म्हणाला, "हो आजोबा, माझ्याच," आणि पुढच्या दाराशी गेला. साठही दारं त्याने केली.

तीन दिवसांत लाली उतरली. नावेत बसायची वेळ आली नाही. सणाच्या सकाळी मनगटाला सुरकुत्या दिसू लागल्या होत्या, आणि सुजलेल्या हाताला सुरकुती दिसणं म्हणजे ओल सुकत आल्याची खूण.

त्या सकाळी गाव तळ्यावर जमलं. वीस घागरी काठावर मांडल्या. एकेका घागरीभोवती तीन तीन घरं उभी राहिली. धुकं होतं. घागरी बुडताना बुडबुड आवाज येत होता आणि माणसं हलक्या आवाजात नावं घेत होती, एकाच पाण्यावर तीन घरांची नावं. धुक्यात असं वाटत होतं, की ज्यांची नावं घेतली तेही काठाशी येऊन टेकले आहेत आणि आपली पाळी येण्याची वाट बघताहेत.

तेली लोहाराला म्हणाला, "तुझा बाप आणि माझा बाप जन्मभर एका पारावर बसले नाहीत. आज एका घागरीतलं पितायत."

"भांडत असतील," लोहार म्हणाला.

"भांडू दे. तहान तर भागली."

मागे उभ्या असलेल्या आजोबांनी हे ऐकलं. जाताना त्यांनी कुंभाराच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

पुढे मळभ सरलं, वैशाखाचं ऊन तापलं. सूज पार गेली, पण मनगट ताठ राहिलं. सकाळी उठलं की लाकडासारखं. कुंभार बिचारा गार फडकंच बांधत राहिला. आगीचं नाव काढलं तरी हात मागे घ्यायचा.

एक दिवस सुईण आली. पुन्हा हाताची पालथी बाजू लावून बघितली.

"आता हा त्या हातापेक्षा गार आहे," ती म्हणाली. "जा, आव्याला टेक."

"आक्का, तूच तर नको म्हणालीस."

"तेव्हा ओला होता. आता वाळलाय. वाळलेल्याला किती दिवस सावलीत ठेवशील?"

तो भीत भीत गेला. आव्याच्या भिंतीची ऊब मनगटात उतरली, बापाच्या कमरेत उतरायची तशी. त्याने बोटं मिटली, उघडली. रोज थोडी जास्त. तेल्याने तेल दिलं, ते त्याने आता हलक्या हाताने लावलं. ज्येष्ठ लागायच्या सुमाराला अंगठा तळव्याला टेकला.

मग एके सकाळी तो चाकावर बसला. गोळा लहानच घेतला. चाक फिरलं, माती वर चढली आणि अंगठ्याला भिंत कळली. इथे जाड, इथे पातळ, इथे बरोबर. मनगट थोडं दुखलं तसा तो थांबला. दुखणं ओसरलं तशी पुन्हा माती धरली. एका बोळक्याला त्याने सगळी सकाळ लावली.

सुईण कुंपणाशी उभी राहून बघत होती. तो म्हणाला, "आक्का, गंमत बघ. ऊब तीच होती, तेल तेच होतं, गार पाणीही घरचंच होतं. मी सगळं करून बसलो आणि तरी हात घालवत होतो."

ही गोष्ट ज्याला पुढे कोणाला सांगायची असेल, त्याने तात्पर्य म्हणून सुईण तेव्हा जे बोलली तेच सांगावं. ती म्हणाली, "दादा, दुखलं की माणूस आधी औषधाला हात घालतो. आधी दुखण्याला हात लावून बघावा. तापलं असेल तर निववावं, गारठलं असेल तर शेकावं, आणि ते बरं होईपर्यंत त्याच्याकडे काम मागू नये."